शार्कचा चावा सोसलेला पॅडलबोर्ड

मित्रांनो, पिंपळे गुरवमधल्या एका तीनमजली इमारतीच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या मोटारीशेजारी, भिंतीला टेकवलेली एक लांब पिवळी फळी तुम्हाला कधी दिसली, तर ते इस्त्रीचं टेबल आहे असं समजू नका. इथे येणारे पुष्कळ लोक तसं समजतात. मी पॅडलबोर्ड आहे. माझ्यावर उभं राहून, हातात लांब वल्हं घेऊन माणसं पाण्यावरून फिरतात. आता मी जुना झालो आहे. माझ्या उजव्या बाजूला चंद्रकोरीच्या आकाराची ओबडधोबड डागडुजी आहे. समोरच्या रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला, की त्यातली डुचमळ मला ऐकू येते आणि अंगात कसंतरी होतं. उभं राहणं माझ्या स्वभावात नाही. मला आडवं पडायला हवं, तेही पाण्यावर.

माझा जन्म चाकणमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. त्या शेडमध्ये एरवी गाड्यांचे फायबरचे भाग बनत. बुद्धरत्न नावाच्या कारागिराने फोमचा गाभा कापून मला आकार दिला, त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड अंथरलं, त्यावर रेझिन ओतलं आणि मी वाळल्यावर तो मला दिवसभर घासत बसला. घासताना तो शिट्टी वाजवायचा. बाहेर कंटेनरची रांग लागलेली असे आणि हॉर्न थांबत नसत. अजून पाणी पाहिलेलंही नव्हतं, तरी मला त्या शेडमधून निघायची घाई झाली होती.

पवना धरणाच्या काठावरच्या एका तंबूच्या कॅम्पने मला विकत घेतलं. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. येणारा प्रत्येक जण माझ्यावर बसून फोटो काढायचा. पण फोटो झाले, की मला काठावर तसंच टाकून सगळे जेवायला जायचे. उन्हात माझा पिवळा रंग फिका पडला. कोणी माझ्यावर मिसळीच्या ताटल्या मांडल्या, कोणी ओले बूट. समोर दहा पावलांवर पाणी आणि मी बाकडं झालो होतो. त्या दिवसांत माझी जी तगमग झाली, ती शत्रूचीही होऊ नये.

तिथे एक दिवस आरोही आली.

आरोही चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर होती. आठवड्याला शिफ्ट बदलायची, त्यामुळे तिची झोप बदलायची, भूक बदलायची. सुट्टीच्या दिवशीही तिला एका जागी बसवत नसे. तिने माझ्यावरच्या ताटल्या बाजूला काढल्या, मला पाण्यात ओढलं आणि उभी राहिली. लगेच पडली. पुन्हा चढली, पुन्हा पडली. मैत्रिणी काठावरून हसत होत्या, पण तिचं लक्ष नव्हतं. दुपारनंतर कधीतरी तिचे गुडघे थरथरायचे थांबले आणि आम्ही दोघं संथपणे धरणाच्या मध्याकडे निघालो. तिने एक मोठा श्वास सोडला. तो मला माझ्या पाठीवर जाणवला.

त्यानंतर ती दर सुट्टीला येऊ लागली. पुढे कॅम्प बंद पडला तेव्हा तिने मला घरी आणलं.

तिचे वडील दादासाहेब दारातच उभे होते. पिंपळे गुरवमधलं त्यांचं घराणं जुनं, शेतकऱ्याचं. शेतं होती तिथे आता इमारती उभ्या आहेत आणि दादासाहेब भाडेकरूंचे नळ, लिफ्ट आणि भांडणं बघतात. अंगाने भरलेला, मोठ्याने बोलणारा माणूस. उजव्या मनगटात सोन्याचं जाड कडं.

"ह्ये काय आणलंस?" त्यांनी विचारलं.

"पॅडलबोर्ड आहे, पप्पा. पाण्यावर चालवायचा."

"पाण्यावर? आमी पवनेच्या डोहात हातानं पोहलोय. आमाला न्हाई लागली कधी फळीबिळी."

एवढं बोलून ते वर गेले. पुढच्या वर्षी आरोहीने नोकरी सोडली आणि कोकणातल्या मांडवखोल नावाच्या गावी, लाटांवरचे खेळ शिकवणाऱ्या शाळेत ती शिकवायला गेली. तेव्हा मात्र दादासाहेब एवढे ओरडले, की पार्किंगमधला रिकामा ड्रम घुमला. आरोहीने मला गाडीच्या टपावर बांधलं आणि आम्ही निघालो.

मित्रांनो, मांडवखोलबद्दल काय सांगू! एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये वाळूची जीभ. माडांच्या मध्ये दोऱ्या बांधून ओले कपडे वाळत घातलेले. चहाच्या टपरीवर कोणी महागाईबद्दल बोलत नसे. वारा कुठून आहे, भरती कधी आहे, काल कोण कसं पडलं, एवढ्याच गप्पा. सकाळी आम्ही सगळे बोर्ड वाळूवर ओळीने पडलेलो असू आणि पाणी कधी येतं याची वाट बघत असू. समुद्राला क्षणभरही स्वस्थता नाही. मलाही नव्हती. आमचं जमलं.

शाळा चालवायची निशिगंधा. ती गावातल्याच कोळ्याच्या घरातली, तिशीतली बाई. पाण्यात उतरण्याआधी ती शिकाऊ मंडळींना वाळूत बसवून बोलायची. पुण्यामुंबईकडचा कोणी ना कोणी हमखास विचारायचा, "इथे शार्क आहेत का हो?" मग बाकीचे हसायचे.

निशिगंधा हसत नसे. "समुद्र आहे म्हटल्यावर असणारच. लहान शार्क, म्हणजे मुशी, तर आम्ही कालवणात खातो. मोठे फार क्वचित काठाजवळ येतात, आणि ते माणसाच्या मागे येत नाहीत, माशांच्या मागे येतात. आपण त्यांच्या जेवणाच्या मध्ये जायचं नाही, एवढंच."

मग ती समजावून सांगायची. ऊन नीट वर आल्याशिवाय आणि सूर्य कलल्यावर पाण्यात जायचं नाही. पाऊस पडून खाडीचं पाणी लाल झालं, की खाडीच्या तोंडाशी फिरकायचं नाही, कारण गढूळ पाण्यात शार्कलाही नीट दिसत नाही. कोळी जाळं ओढत असतील किंवा पक्षी एका जागी सुरकांड्या मारत असतील, तर समजायचं की खाली मासळी आहे. तिथून लांब राहायचं. अंगावर चमकणारं काही ठेवायचं नाही, ते पाण्यात माशाच्या खवल्यासारखं लकाकतं. एकट्याने तर जायचंच नाही. आणि बोर्डाची दोरी पायाला बांधायचीच.

"आणि दिसलाच तर?" कोणीतरी विचारायचं.

"हातपाय बोर्डावर घ्या. गुडघ्यांवर बसा. पाणी बडवू नका. त्याच्यावरची नजर काढू नका आणि सावकाश काठाकडे या."

आरोहीला हे सगळं पाठ झालं होतं. तिच्या पायाला माझी दोरी नाही, असं एकदाही झालं नाही.

परतीच्या पावसाने त्या वर्षी उशिरापर्यंत मुक्काम ठोकला. दिवाळी तोंडावर आली होती आणि खाडी अजून मातकट वाहत होती. अशात एका दुपारी दादासाहेबांची गाडी वाळूपर्यंत आली.

"दिवाळीला घरी चल," ते आरोहीला म्हणाले. "आणि आता परत यायचं न्हाई. तुझ्या आईनं फराळाला हात लावला न्हाई अजून."

"दिवाळीला येते, पप्पा. पण परत येणार."

"ह्ये काय काम हाय का? इंजिनिअर पोरगी लोकांना फळीवर उभं करती!"

आरोहीचे कान लाल झाले. पण ती म्हणाली, "एकदा तुम्ही स्वतः उभे राहा. मग काय बोलायचं ते बोला."

दादासाहेबांना असं कोणी म्हटलं की राहवत नाही. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. आरोहीने त्यांना उथळ पाण्यात माझ्यावर चढवलं. त्यांचं वजन माझ्यावर पडलं तसा मी चांगलाच दबलो. ते पडले, शिव्या देत उठले, पुन्हा पडले. मग एकदा उभे राहिले आणि तसेच राहिले. लाट माझ्या खालून गेली आणि दादासाहेब खदखदून हसले. "आरं तिच्या! चालतंय की!" काठावरच्या चहावाल्यानेही टाळ्या वाजवल्या. निशिगंधाने त्यांना कडं काढून ठेवायला सांगितलं. "कडं न्हाई निघत," ते म्हणाले. "लग्नात घातलंय, तेव्हापास्नं हाय."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या बेतात होता, तेव्हा कोणीतरी मला वाळूवरून ओढू लागलं. ते रात्री तिथेच मुक्कामाला राहिलेले दादासाहेब होते. एकटेच. त्यांना झोप लागली नसावी, किंवा कालचं हसू अजून अंगात असावं. माझी दोरी माझ्या मागे वाळूत फरफटत होती. मला ओरडावंसं वाटत होतं. फळीला तोंड नसतं, मित्रांनो.

ते खाडीच्या तोंडाकडे निघाले, कारण तिथे पाणी संथ होतं. पुढे दोन होड्या जाळं ओढत होत्या आणि वर पक्ष्यांचा कल्लोळ चालला होता.

"ओ मामा!" दादासाहेबांनी हाक मारली. "सुरमई हाय का?"

होडीतल्या म्हाताऱ्या कोळ्याने दोन्ही हात हलवले. "हंय येव नको! मागे फिर!"

पक्ष्यांच्या कल्लोळात दादासाहेबांना शब्द कळले नाहीत, त्यांना वाटलं, तो बोलावतोय. ते आणखी पुढे गेले आणि दमले म्हणून माझ्यावर बसले, दोन्ही बाजूंनी पाय सोडून. पाण्यात बारीक मासे उड्या मारत होते. त्यांनी हात बुडवला. कोवळ्या उजेडात कडं पाण्याखाली चमचमलं.

मला खालून धक्का बसला. जोराचा नव्हता, कोणी खांदा लावून बघावं तसा. दादासाहेबांनी दचकून हात वर घेतला. तेवढ्यात पाणी फुटलं आणि माझ्या उजव्या बाजूत दात शिरले. माझ्या अंगातून जो आवाज गेला, तो मी विसरलेलो नाही. फायबर करकरलं, फोम फाटला. करड्या रंगाचं एक रुंद डोकं मला एकदा हिसडून सोडून गेलं. त्याला मी मासा वाटलो होतो. मी मासा नाही, हे त्याला तोंडात घेतल्यावर कळलं.

पण मी उलटलो होतो आणि दादासाहेब पाण्यात होते. दोरी त्यांच्या पायाला नव्हती. ओहोटीने मला एका बाजूला नेलं आणि त्यांना दुसऱ्या बाजूला. ते हातपाय झाडू लागले. पवनेच्या डोहात पोहणारा तो माणूस पाण्याशी मारामारी करत होता.

होडीतल्या कोळ्याने शीळ घातली. काठावर आरोही आणि निशिगंधा बोर्ड मांडत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि दोघी एकाच वेळी पाण्यात शिरल्या, दोन वेगळ्या बोर्डांवर, गुडघ्यांवर बसून. मी दुरून पाहत होतो. आरोहीचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण तिचं वल्हं एकदाही पाण्यावर आपटलं नाही. ती जवळ आल्यावर ओरडली, "पप्पा! पाय मारू नका!"

"आरोही, मागं जा! मासा हाय!"

"दिसतोय मला. पाय मारू नका, सरळ राहा. माझ्याकडे नको, त्याच्याकडे बघा!"

"त्याच्याकडं काय बघू गं!"

"बघा म्हणते ना!"

आणि दादासाहेबांनी ऐकलं. त्यांनी हातपाय थांबवले आणि त्या करड्या सावलीकडे पाहत राहिले. ती सावली एक वळसा घेऊन येत होती. निशिगंधाने आपला मोठा बोर्ड सावली आणि दादासाहेब यांच्या मध्ये आणून उभा केला. आरोहीने वडिलांची कॉलर धरली. "चढा. पोटावर या. आता पाय वर." ते वर आले. तिने त्यांना आपल्या पाठीला पाठ लावून बसवलं. "तुम्ही मागे बघत राहा. दिसला तर सांगा." मग दोन्ही बोर्ड सावकाश काठाकडे निघाले. शार्क थोडा वेळ मागे आला, मग जाळ्याकडे वळला आणि दिसेनासा झाला.

मला कोळ्यांनी गळ टाकून ओढून आणलं.

दादासाहेबांना खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. निशिगंधाच्या स्वयंपाकघरात ते चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसले होते. मी बाहेर पडवीत पडलो होतो, दार उघडं होतं. पेला खाली ठेवून ते म्हणाले, "साबण आणा जरा." निशिगंधाने भांड्याचा साबण दिला. त्यांनी मनगटाला फेस केला आणि कडं ओढायला लागले. कातडी सोलवटली, तरी ओढत राहिले. शेवटी आरोहीने त्यांचा हात मांडीवर घेतला, हळूहळू फिरवत ते काढलं आणि त्यांच्या खिशात ठेवलं. मनगटावर गोऱ्या कातडीचं एक कडं तेवढं उरलं.

निशिगंधाने माझी जखम साफ केली, फायबरचा तुकडा बसवला आणि रेझिन भरलं. "ह्याका आता समुद्रात नेव नको," ती आरोहीला म्हणाली. "धरणात चलात."

परतताना गाडी आरोहीने चालवली. दादासाहेब शेजारच्या सीटवर होते. घराच्या अलीकडचे पुनावळ्याचे उंच टॉवर दिसू लागले तेव्हा ते म्हणाले, "आईला सांगू नको."

आईला त्यांनी सांगितलं, की बोर्ड खडकावर आपटला. आई खाली आली, तिने माझ्या बाजूवरून हात फिरवला, नवऱ्याच्या मोकळ्या मनगटाकडे पाहिलं आणि वर गेली. त्या दिवाळीत घरात फटाके वाजले नाहीत.

त्यानंतर दादासाहेब ओरडले नाहीत. त्यांनी हात जोडले. "नको जाऊ, पोरी." ओरडण्यापुढे आरोही टिकली असती. जोडलेल्या हातांपुढे ती थांबली. चाकणला दुसऱ्या कंपनीत ती लागली. सकाळी स्कूटी काढताना ती माझ्याकडे बघायची नाही. संध्याकाळी आली, की मात्र हेल्मेट काढायच्या आधी माझ्या दातांच्या खुणेवर बोट ठेवून उभी राहायची. त्या हिवाळ्यात आम्ही दोघंही भिंतीला टेकलेले होतो.

एका रविवारी सकाळी दादासाहेब मोटार चालू करायला खाली आले आणि आरोही माझ्याजवळ तशीच उभी असलेली त्यांना दिसली. ते मोटार चालू करायचं विसरले.

"तुला भीती वाटती का न्हाई?" त्यांनी विचारलं.

"वाटते ना. म्हणून तर दोरी बांधते, म्हणून गढूळ पाण्यात जात नाही." ती त्यांच्याकडे वळली. "पप्पा, रोज चाकणच्या चौकात मी कंटेनरच्या मधून स्कूटी काढते. परवा एकाचा आरसा माझ्या खांद्याला लागला. तेव्हा तुम्ही नाही विचारलं, भीती वाटते का म्हणून."

दादासाहेबांनी तिच्या खांद्याकडे पाहिलं. मग खाली बसले, अगदी फरशीवर, माझ्या शेजारी.

"मला सांगितलं न्हाईस."

"सांगितलं असतं तर तुम्ही नोकरी सोडायला लावली असती. आणि समुद्रावर जायलाही नाही म्हणाला असतात. मग मी कुठे जाऊ?"

वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "दादासाहेब, पाणी आलं नाही हो!" त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"त्या दिवशी तू म्हणालीस, त्याच्याकडं बघा," ते म्हणाले. "मी आयुष्यात कुणाचं असं ऐकलं न्हवतं. ऐकलं म्हणून हाय." मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "गाडी काढ. पवनेवर जाऊ. मला परत उभं राहायचंय."

धरणाचं पाणी स्वच्छ होतं. दादासाहेबांनी दोरी हातात घेतली आणि विचारलं, "कंच्या पायाला बांधू?" आरोहीने सांगितलं. त्यांनी गाठ तीनदा ओढून पाहिली. पाण्यावर आल्यावर त्यांचे पाय लटपटत होते. ते पडले, पण दोरीमुळे मी तिथेच होतो. त्यांनी मला धरलं, श्वास घेतला आणि पुन्हा चढले. काठावर आरोही उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

संक्रांतीनंतर दादासाहेबांनीच तिला मांडवखोलला सोडलं. मी गेलो नाही. माझी ती बाजू आता लाटा सोसणार नाही. दर आठवड्याला दादासाहेब मला धरणावर नेतात, तिथल्या पोरांना माझी खूण दाखवतात आणि दोरीशिवाय कोणालाही माझ्यावर पाय ठेवू देत नाहीत. उरलेले दिवस मी इथे उभा असतो आणि टँकर गेला की कासावीस होतो. हे माझं दुखणं जाणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात सायकल असेल, होडी असेल, माझ्यासारखी फळी असेल. तिला उन्हात टाकून देऊ नका. तिचा उपयोग संपला, की तिला सावली तरी द्या. आणि पाण्यात जायची ओढ लागली, तर जरूर जा, पण पाणी ज्यांचं घर आहे त्यांच्या जेवणाची वेळ पाळा. त्या माशाचा मला राग नाही. मी त्याच्या अंगणात होतो.

रोज सकाळी दादासाहेब पार्किंगमध्ये येऊन फोन लावतात. पूर्वी ते आरोहीला विचारायचे, घरी कधी येतेस. आता तसं विचारत नाहीत.

"पाणी कसं हाय?" ते विचारतात. "जाळी पडलीत का? पक्षी हायेत का?"

पलीकडून काय उत्तर येतं ते मला ऐकू येत नाही. पण आज त्यांनी कान लावून ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "व्हय? लई गढूळ हाय? मग आज काठावरच बस. उद्या जा."

फोन ठेवून ते वर निघाले. दोन पायऱ्या चढून पुन्हा थांबले, फोन काढला आणि म्हणाले, "आणि उद्या गेलीस, की मला सांग, कसं वाटलं ते."